अंगणातील कोंबडीचे कुल : रानपूर्वज, उसना वर्ण आणि गावठी वाण

वसई तालुक्यातील कामण हे गाव तुंगारेश्वराच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावाच्या एका अंगास भातखाचरे, भिवंडीकडे जाणारा रस्ता आणि वसई-दिवा लोहमार्ग. दुसऱ्या अंगास कामणदुर्गाचा उंच माथा आणि २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले तुंगारेश्वराचे अरण्य. सह्याद्री व त्याच्या पायथ्याची ही जंगले राखी रानकोंबड्याच्या वसतिक्षेत्रात मोडतात. म्हणजे खुराड्यातील गावठी कोंबडी आणि तिचा रानटी आप्त यांच्यामध्ये अशा गावी केवळ काही शेतांचे अंतर असते. हे पाहणाऱ्याच्या मनात एक अनुमान सहज उभे राहते : जवळच्या रानातला पक्षी माणसाने धरून आणला, माणसाळविला आणि त्याचीच पुढे कोंबडी झाली. हे अनुमान जितके स्वाभाविक तितकेच ते मुख्यतः चुकीचे आहे. तथापि ते सर्वस्वी चुकीचे नाही, आणि ज्या अंशाने ते खरे आहे तो अंश कोंबडीच्या पायांच्या रंगात आजही दिसतो. हा उलगडा कसा झाला, आणि गावठी वाणांच्या आजच्या स्थितीशी त्याचा काय संबंध आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. चार रानकोंबडे आणि डार्विनचा निर्णय

रानकोंबड्यांच्या प्रजाती चार आहेत : तांबडा, राखी, श्रीलंकेचा आणि जावा व त्याच्या आसपासच्या बेटांतील हिरवा. भारतात त्यांपैकी पहिल्या दोन आढळतात. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व व मध्य भारतापर्यंत आणि तेथून पुढे थेट आग्नेय आशियात पसरलेला आहे. राखी रानकोंबडा हा मात्र फक्त भारताचा, त्यातही पश्चिम व दक्षिण भारताचा. स्थूलमानाने गोदावरीचे खोरे ही दोहोंमधील सीमा मानली जाते.

डार्विनने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पतींवरील ग्रंथात पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा हाच होय असा निर्णय दिला. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथने कळविलेल्या माहितीचा त्याला मोठा उपयोग झाला होता. राखी रानकोंबड्याला वगळण्याची त्याची कारणे तीन प्रकारची होती. पहिले कारण पिसांचे : या नराच्या मानेवरील पिसांत मेणचट, शिंगासारखे कठीण ठिपके असतात आणि तसे पीस कोणत्याही पाळीव जातीत आढळत नाही. दुसरे संकराचे : पाळीव कोंबडीशी त्याचा संकर होतो, पण झालेली पिल्ले नाजूक असतात आणि बहुधा वांझ निघतात. तिसरे आवाजाचे : त्याची बांग पाळीव कोंबड्याच्या बांगेहून अगदी निराळी आहे.

हे तिसरे कारण भाषाभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. पाणिनीने ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत स्वरांची व्याख्या ‘उ’काराच्या तीन मात्राभेदांवरून केली आहे. तेथे नेमका उकारच का घेतला, याचे उत्तर परंपरा कोंबड्याच्या चढत्या, लांबत जाणाऱ्या बांगेकडे बोट दाखवून देते. संस्कृतातील ‘कुक्कुट’ हा शब्दही ध्वनीचे अनुकरण करणाराच समजला जातो. ही बांग तांबड्या कुळातील आहे. राखी रानकोंबड्याचे ओरडणे तुटक व अडखळते असून, त्यावरून ऱ्हस्व-दीर्घ-प्लुताची मालिका कोणाला सुचली नसती.

२. मातृवंश आणि त्याची मर्यादा

डार्विनचे प्रमाण बाह्य लक्षणांचे होते. पेशीतील साक्ष उपलब्ध होण्यास आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली. प्रथम हाती आला तो तंतुकणिकांतील डी.एन.ए. हा केवळ आईकडून येतो. त्यामुळे त्यावरून मातृवंशाची परंपरा मागे मागे नेता येते. जपानमधील फुमिहितो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या पुराव्याच्या आधारे कोंबडीचे उगमस्थान एकच असून ते थायलंड व लगतच्या प्रदेशात असावे असे प्रतिपादन केले. २००६ साली चिनी संशोधकांनी अधिक नमुने तपासले, तेव्हा मातृवंशाच्या अनेक शाखा दिसून आल्या व त्यांतील एका मोठ्या शाखेचे मूळ भारतीय उपखंडात असावे असा तर्क पुढे आला. २००८ साली भारतीय तांबड्या रानकोंबड्यांच्या अभ्यासानेही अनेक ठिकाणी माणसाळणे घडले या मताला पाठिंबा दिला. भारत हा कोंबडीच्या जन्मभूमींपैकी एक आहे, ही समजूत त्यामुळे दृढ झाली.

पण मातृवंशाच्या पुराव्याला एक जन्मजात मर्यादा आहे. एखाद्या पाळीव कळपात एकच रानटी मादी शिरली आणि तिच्या मुली, नाती, पणती टिकल्या, तर शंभर पिढ्यांनंतरही तिचा मातृवंश स्पष्ट दिसत राहील. परंतु त्या कळपाच्या एकूण वारशात तिचा वाटा नगण्य झालेला असेल. म्हणून संपूर्ण जनुकसंचाचे वाचन आवश्यक होते. कोंबडीचा जनुकसंच प्रथम २००४ साली प्रसिद्ध झाला. तो एका तांबड्या रानकोंबडीचा होता आणि त्याची लांबी सुमारे एक अब्ज अक्षरांची भरली. पुढे २०२० साली ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा : सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य वारसा तांबड्या रानकोंबड्याच्या पाच उपजातींपैकी स्पॅडिसियस या एकाच उपजातीकडे जातो. ही उपजाती आज नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार येथे आढळते. भारतीय उपजातीचा वाटा आहे. पण तो नंतर, स्थानिक संकरातून मिसळलेला आहे.

तुलनात्मक भाषाशास्त्राशी परिचित असणाऱ्यास ही मांडणी नवी वाटणार नाही. भाषेचे कुल ठरते ते तिच्या व्याकरणाच्या घडणीवरून व मूलभूत शब्दसंग्रहावरून. पाव, बटाटा, चावी हे पोर्तुगीज शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहेत, आणि पोर्तुगीज सत्ता दोनशे वर्षे नांदलेल्या वसईत त्यांचे नवल वाटण्याचे कारण नाही. म्हणून मराठी पोर्तुगीजोद्भव ठरत नाही. उसनवारी व वंशपरंपरा या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या लागतात. कोंबडीच्या बाबतीत प्रारंभीच्या मतभेदांचे बरेचसे कारण या दोहोंची गल्लत हेच होते.

३. पिवळे पाय : एक उसना गुण

उसनवारीचे सर्वांत ठळक उदाहरण राखी रानकोंबड्याचेच आहे. पाळीव कोंबड्यांत कातडीचा रंग मुख्यतः दोन प्रकारचा असतो : पांढरा व पिवळा. पिसे नसलेल्या पायांवर तो स्पष्ट दिसतो. पांढरा गुण प्रभावी व पिवळा अप्रभावी आहे. त्यामुळे पांढऱ्या पायांच्या जोडप्यापासूनही, दोघांत पिवळा गुण सुप्त असेल तर, सरासरी चारांत एक पिल्लू पिवळ्या पायांचे निघते.

या भेदामागील यंत्रणा अशी. मका, हिरवा पाला इत्यादी खाद्यातून कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्ये शरीरात येतात. पांढऱ्या कातडीच्या पक्ष्यात एक विकर या द्रव्यांचे विघटन करते व ती रंगहीन होतात. पिवळ्या कातडीच्या पक्ष्यात त्या विकराचे जनुक शाबूत असते. पण ते कातडीत पुरेसे कार्य करीत नाही. दोष जनुकाच्या मजकुरात नसून ते कोठे व किती चालावे हे ठरविणाऱ्या नियामक भागात आहे. इतर अवयवांत ते चालू राहत असल्याने पक्ष्याच्या आरोग्यास बाध येत नाही, आणि कातडीत मात्र रंग साठतो.

२००८ साली स्वीडनमधील एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकाचे वाचन केले, तेव्हा अनपेक्षित गोष्ट दिसली. पिवळ्या रूपाचा अक्षरक्रम तांबड्या रानकोंबड्याच्या क्रमापासून दूर आणि राखी रानकोंबड्याच्या क्रमाला अतिशय जवळ होता. हे रूप तांबड्या कुळात नव्याने उत्पन्न झालेले नव्हते; ते संकरातून आलेले होते. राखी रानकोंबडा भारताबाहेर नसल्यामुळे हा संकर भारतीय द्वीपकल्पाच्या परिसरात घडला असला पाहिजे. डार्विनने संकरज पिल्ले बहुधा वांझ असतात असे म्हटले होते. पण ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. क्वचित एखादे पिल्लू प्रजननक्षम निघाले, त्याचा पाळीव कळपाशी पुनःपुन्हा संकर होत गेला, आणि राखी वारशाचा बाकी सारा भाग गळून जाऊन एक लहानसा तुकडा मागे राहिला. तोच आज जगभरच्या व्यापारी कोंबड्यांत पसरलेला आहे. २०२० सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने राखी व श्रीलंकेच्या रानकोंबड्यांशी झालेल्या अशा देवघेवीस पुष्टी दिली. सारांश, कामणच्या अंगणातील कोंबडीचे कुल पूर्वेकडचे. पण तिचे पाय पिवळे असतील तर ते पाय या बाजूच्या रानाचे.

येथे निरीक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. पायांच्या खोलवरच्या थरात काळे रंगद्रव्यही असू शकते. त्यावर पांढरी कातडी असेल तर पाय पाटीच्या दगडासारखे निळसर दिसतात, आणि पिवळी असेल तर हिरवट. म्हणून हिरवट पायांची कोंबडीही पिवळ्या गुणाचीच समजली पाहिजे.

४. काळाचा प्रश्न

२०२० सालच्या तुलनेनुसार पाळीव वंश रानटी स्पॅडिसियसपासून सुमारे ९५०० वर्षांपूर्वी, ३३०० वर्षे पुढेमागे धरून, विभक्त झाला. उलट २०२२ साली ८९ देशांतील ६०० हून अधिक स्थळांच्या अवशेषांची फेरतपासणी झाली, तेव्हा निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथे, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातील ठरली. मोहेंजोदडो व उत्तर चीन येथील जुन्या दाखल्यांविषयी हाडांची ओळख व कालनिश्चिती या दोन्ही अंगांनी शंका घेतल्या गेल्या आहेत.

या दोन आकड्यांत वाटतो तितका विरोध नाही. वंश विभक्त होणे आणि पक्षी पाळीव होणे या घटना एकच नव्हेत. दोन बोली परस्परांपासून अलग झाल्याचा काळ आणि त्यांतील एकीचा पहिला शिलालेख यांत शतकांचे अंतर असू शकते, तसेच हे आहे. २०२२ च्या संशोधकांनी कारणही सुचविले : भात व भरडधान्याची कोरडवाहू शेती रानात शिरली, सांडलेल्या व साठविलेल्या धान्याने रानकोंबडे वस्तीजवळ आले आणि तेथे राहिले. म्हणजे माणसाने पक्षी धरून आणला असे म्हणण्यापेक्षा शेताने तो ओढून आणला असे म्हणणे अधिक योग्य होईल.

५. तुरे, पिसे आणि काळे मांस

वाणांचे वैविध्य हा आनुवंशिकीच्या इतिहासातला आद्य विषय आहे. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे बेटसनने १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवून दिले. गुलाबतुरा व वाटाणातुरा यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा निघतो आणि पुढील पिढीत चारही प्रकार ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात येतात. दोन जनुके मिळून एक लक्षण घडवितात, याचे ते अभिजात उदाहरण ठरले.

या तुऱ्यांची रेणवीय कारणे शतकानंतर कळली. वाटाणातुऱ्याचे मूळ एका जनुकातील तुकड्याच्या अनेकवार झालेल्या पुनरावृत्तीत आहे (२००९). गुलाबतुऱ्याचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील सुमारे ७४ लाख अक्षरांच्या पट्ट्याच्या उलटण्यात आहे (२०१२). हा पट्टा उलटताना दुसरे एक जनुक तुटते आणि म्हणून शुद्ध गुलाबतुऱ्याच्या नरांची प्रजननक्षमता कमी असते. उघड्या मानेच्या कोंबडीत एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यावर जाऊन बसल्याने मानेच्या कातडीत पिसांची वाढ रोखणारे प्रथिन अधिक बनते (२०११). असा पक्षी उष्ण हवेत शरीरातील उष्णता सहज बाहेर टाकतो.

मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर भागातील कडकनाथाची कातडी, मांस व हाडांवरील आवरणे काळी असतात. त्याचे कारण विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाचे द्विगुणन व विशिष्ट पुनर्रचना हे आहे. तीच पुनर्रचना चीनच्या रेशमी पिसांच्या, इंडोनेशियाच्या व इतर काळ्या कोंबड्यांतही जशीच्या तशी आढळते. इतकी गुंतागुंतीची घटना स्वतंत्रपणे अनेकदा घडणे संभवत नाही. तेव्हा हा गुण एकदाच उपजला व माणसाबरोबर देशोदेशी गेला, असे म्हणावे लागते.

सर्वच बदल मात्र प्राचीन नाहीत. थायरॉइड ग्रंथीच्या कार्याशी व ऋतुमानानुसार होणाऱ्या प्रजननाशी संबंधित टी.एस.एच.आर. या जनुकाचे एक रूप जवळजवळ सर्व पाळीव कोंबड्यांत असल्याचे २०१० साली आढळले, तेव्हा ते माणसाळण्याचेच जनुक मानले गेले. परंतु २०१४ साली युरोपातील जुन्या हाडांचे डी.एन.ए. तपासले असता हे रूप, तसेच पिवळ्या कातडीचे रूपही, तेथे सार्वत्रिक नव्हते असे दिसले. २०१७ च्या गणनेप्रमाणे टी.एस.एच.आर. वरील निवडीचा जोर सुमारे अकराशे वर्षांपूर्वी वाढला. मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या नियमांमुळे व नगरांच्या वाढीमुळे कोंबडी व अंडी यांची मागणी वाढली त्या काळाशी तो जुळतो. आज सर्वत्र दिसणारा गुण आरंभापासून होता असे गृहीत धरू नये, हा यातील धडा आहे.

६. वाण, गावठी आणि हानी

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशी जातींची नोंदणी करतो. महाराष्ट्राशी निगडित नोंदलेली जात म्हणजे बसरा. तिचे क्षेत्र नंदुरबार-धुळे आणि गुजरातचा लगतचा डोंगराळ भाग. नोंदलेल्या जातींच्या बाहेर राहिलेल्या कोंबड्यांना केवळ ‘गावठी’ म्हटले जाते, आणि कामणसारख्या गावातील पक्षी या सदरात पडतात. ‘गावठी’ हे जातीचे नाव नाही. पण म्हणून त्यामागे वारसा नाही असे समजणे अयोग्य ठरेल. एकाच कळपात तांबडी, काळी, करडी, ठिपक्यांची पिसे आणि निरनिराळ्या रंगांचे पाय आढळतात, ते जनुकांची अनेक रूपे तेथे टिकून असल्यामुळेच.

याचे मोल तुलनेने कळते. २००८ साली जगभरच्या कोंबड्यांचा जो अभ्यास झाला, त्यात व्यापारी वंशांत मूळ जनुकरूपांपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक रूपे उरलेली नाहीत असे आढळले. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी कोंबडी या निवडीने निर्माण केली. तीच कोंबडी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवीत नाही. यंत्राने अंडी उबविणाऱ्यास हा लाभ आहे. ज्या घरी यंत्र नाही तेथे खुडूक न होणारी कोंबडी म्हणजे पुढील पिढीचा अंत होय. प्रत्येक वेळी पिल्ले विकत आणावी लागतात.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील कुक्कुटसंख्या ८५.१८ कोटी भरली. पैकी परसातील ३१.७० कोटी. परसातील संख्या मागील गणनेच्या मानाने सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. पण संख्या वाढणे व वारसा टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने घडविलेल्या वनराजासारख्या सुधारित पक्ष्यांनी गरीब घराच्या उत्पन्नात भर पडते, हे खरे. मात्र हे नर गावठी कळपात मिसळत गेले की काही पिढ्यांत स्थानिक रूपे विरळ होत जातात. साथीचा धोका याहून आकस्मिक असतो. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला व परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. रोग रोखण्यास ते अनिवार्य होते. पण नवापूर हे बसरा जातीच्याच क्षेत्रात येते. मर्यादित क्षेत्रातील जात अशा एका आघाताने किती सहज धोक्यात येऊ शकते, हे यावरून ध्यानी यावे.

७. रानाकडे उलटा प्रवाह

जनुकांची देवघेव एकाच दिशेने होत नाही. संग्रहालयांतील जुन्या कातड्यांची आजच्या रानटी पक्ष्यांशी तुलना केली असता, तांबड्या रानकोंबड्यांत पाळीव वारशाचे प्रमाण गेल्या शतकात वाढत गेल्याचे दिसून आले आहे. मूळ पूर्वजच त्याच्या वंशजांत विरघळत आहे. राखी रानकोंबड्याला संकराच्या अंशतः वांझपणाचे संरक्षण आहे. परंतु पिवळ्या पायांचा इतिहासच सांगतो की ही भिंत अभेद्य नाही. जेथे वस्ती, गाळे व गोदामे अरण्याच्या सीमेपर्यंत जाऊन भिडतात तेथे पाळीव व रानटी पक्ष्यांच्या भेटी वाढणे स्वाभाविक आहे, आणि तुंगारेश्वराचा पायथा हा अशाच प्रदेशांपैकी एक आहे.

या दृष्टीने पाहता अशा गावांतील गावठी कळपांची पद्धतशीर नोंद हे केवळ पशुवैद्यांचे काम उरत नाही. पायांचा रंग, तुऱ्याचा प्रकार, मानेवरील पिसे, खुडूक होण्याची सवय यांची नोंद कोणताही प्रशिक्षित विद्यार्थी करू शकतो. त्याबरोबर आगरी, वारली, कातकरी इत्यादी समाजांत कोंबड्यांच्या वाणांना, रंगांना व सवयींना जी नावे आहेत तीही टिपली पाहिजेत. ज्या भेदाला बोलीत स्वतंत्र शब्द असतो तो भेद पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला असतो, आणि पाहून निवडलेलाही असतो. म्हणून नावांची यादी ही निवडीच्या इतिहासाची एक साधनसामग्री ठरते. जनुकांचे वाचन पुढे केव्हाही करता येईल; परंतु पक्षी व त्याचे नाव ही दोन्ही त्या वेळी उपलब्ध असली पाहिजेत.